प्रवचनाच्या तयारीचे पहिले पुस्तक कसे निवडावे

पाळकसाहेब परगावी जाणार आहेत आणि पुढच्या महिन्यातल्या एका रविवारचा संदेश तुम्ही द्यायचा, असे मंडळीत ठरले. आता तुम्ही प्रवचनाच्या तयारीवर एखादे पुस्तक शोधत आहात. या टप्प्यावर नवखे लोक साधारण तीन प्रकारची पुस्तके घरी आणतात: कुणाच्या तरी तयार प्रवचनांचा संग्रह, दृष्टांत-किश्श्यांचे पुस्तक, नाहीतर एखाद्या नामवंत उपदेशकाचा जाडजूड ग्रंथ. संग्रहातून दुसऱ्याचे प्रवचन उचलले जाते. किश्श्यांच्या पुस्तकामुळे किस्सा आधी ठरतो आणि वचन त्याला मागून चिकटवले जाते. जाडजूड ग्रंथ चाळीस पानांपुढे सरकत नाही. दोष पुस्तकांचा नसतो. आपली तयारी नेमकी कुठे अडते हे न पाहताच पुस्तक घेतलेले असते, म्हणून दुकानात जाण्याआधी घरी एक काम करायचे आहे.

## आधी एक कच्चे प्रवचन लिहा

मार्क 4:35-41 हा उतारा घ्या. येशू वादळ शमवतो ती गोष्ट, फक्त सात वचने. पवित्र शास्त्र, वही-पेन आणि दोन तास एवढेच जवळ ठेवा. भाष्य, म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलगडणारे पुस्तक, नको, मोबाइल नको. दहा मिनिटांचे प्रवचन पूर्ण वाक्यांत लिहून काढा. मराठीत सावकाश, थांबत थांबत बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो, त्यामुळे हजार-बाराशे शब्द पुरेत. एक दिवस जाऊ द्या आणि मग ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाचा. तयारी बहुधा पुढच्या चारपैकी एका जागी अडलेली दिसेल.

पहिली जागा म्हणजे उताराच समजलेला नसणे. या गोष्टीवर नवख्या माणसाचे प्रवचन जवळजवळ हमखास ‘आपल्या जीवनातील वादळे’ या मथळ्याचे होते: आजारपण, कर्ज, नोकरी, आणि शेवटी येशू ते सारे शमवील. आता उतारा पुन्हा वाचा. तो वादळावर संपत नाही, ‘हा आहे तरी कोण?’ या प्रश्नावर संपतो. वारा पडून सगळे निवांत झाल्यावर शिष्य अतिशय घाबरले, असे मार्क सांगतो. लाटांपेक्षा होडीत बसलेल्या माणसाची भीती मोठी ठरली. तुमच्या कच्च्या प्रवचनात यातले काहीच आले नसेल, तेच मुद्दे दुसऱ्या कुठल्याही उताऱ्यावर चालले असते, तर अडचण इथे आहे.

दुसरी जागा: उतारा समजला, पण सांगायचे काय ते ठरले नाही. विश्वास, प्रार्थना, भीती, संगती, निसर्गावरचा अधिकार असे सहा-सात मुद्दे निघतात आणि प्रत्येकाला दीड मिनिट मिळते. ऐकणारा घरी जाऊन सांगतो, ‘छान झाला संदेश.’ काय सांगितले असे विचारले की गप्प होतो.

तिसरी जागा मांडणीची. सांगायचे एक वाक्य पक्के आहे, पण ते दुसऱ्याच मिनिटाला सांगून टाकले आणि उरलेला वेळ तेच घोळवले. किंवा शेवट तीनदा झाला.

चौथी जागा बोलण्याची: कागदावर नीट असते, पण व्यासपीठावर मान वर होत नाही, वाक्याचा शेवट घशात जातो, दहाची पंचवीस मिनिटे होतात.

अडण्याची जागा बदलली की पुस्तकाचा प्रकारही बदलतो. पहिल्या जागेवर अडलेल्या माणसाला प्रवचनशास्त्राचे पुस्तक मुळात नकोच असते. त्याला मार्कच्या शुभवर्तमानावरचे एक बरे भाष्य आणि पवित्र शास्त्र वाचावे कसे हे शिकवणारे पुस्तक हवे. हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो, पण पैसे वाचतात. संत ऑगस्टिनने ख्रिस्ती शिकवणीवर चार भागांचा ग्रंथ लिहिला. इसवी सन 396 च्या सुमारास तो हाती घेतला आणि 426 च्या सुमारास पुरा केला. त्यातले पहिले तीन भाग अर्थ शोधण्यावर आहेत, सापडलेला अर्थ लोकांना सांगावा कसा यावर फक्त चौथा. स्वतः वक्तृत्व शिकवून पोट भरलेल्या माणसाने धरलेले हे प्रमाण आहे, हे विसरू नका.

## दुकानात किंवा ग्रंथालयात पंधरा मिनिटांची पाहणी

पुस्तक हाती आले की प्रस्तावना वाचत बसू नका. प्रस्तावनेत प्रत्येक लेखक प्रवचनाचे महत्त्वच सांगतो आणि ते तुम्हाला पटलेलेच आहे. अनुक्रमणिका उघडून प्रकरणे मोजा. किती प्रकरणे उताऱ्याच्या अभ्यासावर, किती मांडणीवर, किती आवाज-हावभावांवर आणि किती उपदेशकाच्या स्वतःच्या आत्मिक जीवनावर? शेवटचा विषय महत्त्वाचा आहे, पण निम्मे पुस्तक त्यावरच असेल तर ते पहिले पुस्तक नव्हे. ते प्रोत्साहन देते, काम शिकवत नाही.

मग एक गोष्ट मुद्दाम शोधा: एकच उतारा पहिल्या वाचनापासून तयार प्रवचनापर्यंत नेऊन दाखवला आहे का? नवख्या माणसासाठी ही सर्वांत मोठी कसोटी. नियम सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. नियम लावताना हात कसा चालतो, कोणता मुद्दा चांगला असूनही का गाळला, पहिला मसुदा कसा फसला, हे दाखवणारी कमी. असा एक नमुना नसलेले पुस्तक कितीही गाजलेले असो, सध्या परत ठेवा.

नंतर लागूकरणाचे प्रकरण काढा, म्हणजे वचन ऐकणाऱ्याच्या जगण्याला कसे भिडवायचे ते सांगणारे. बहुतेक पुस्तकांत हा भाग सर्वांत रोड असतो. चार-पाच पानांत आटोपला असेल आणि ‘श्रोत्यांच्या जीवनाशी नाते जोडा’ एवढेच म्हटले असेल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

शेवटी मागची वचनसूची पाहा. यिर्मया 29:11 तिथे असेल तर ते पान उघडा. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ या आशयाचे ते वचन परीक्षेच्या शुभेच्छांपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळीकडे फिरते. ते बाबेलला बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे म्हटले आहे. ते पत्र ऐकणारे बरेचसे लोक सुटकेआधीच मरणार होते. लेखक हे सांगतो की वचन सुटे काढून वापरतो? प्रवचन शिकवणाराच संदर्भ सोडत असेल तर त्याचा विद्यार्थी काय करील? सूचीत हे वचन नसेल तर तुमच्या माहितीतले दुसरे असेच वचन घ्या.

वचनसूचीवरून आणखी एक कळते. काही पुस्तके जवळजवळ पूर्णपणे पौलाच्या पत्रांवर उभी असतात. त्यांतली पद्धत रोमकरांस पत्राला छान लागू पडते, पण एस्तेरच्या गोष्टीला किंवा स्तोत्राला लावली की गोष्टीचे तीन मुद्दे होतात आणि गोष्ट मरते. कथा, स्तोत्र, दाखला, पत्र, भविष्यवाणी यांना वेगवेगळे हाताळायचे असते याची जाण पुस्तकात असली पाहिजे.

## काही पुस्तके, आणि तीच होडी

खालची पुस्तके इंग्रजीत आहेत. प्रत्येकाची पद्धत मार्कच्या त्याच उताऱ्याला लावून पाहू, म्हणजे फरक कळेल.

हॅडन रॉबिन्सन यांचे ‘बिब्लिकल प्रीचिंग’ 1980 साली निघाले आणि अजून सेमिनरींत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थांत, वापरले जाते. तयारीचे दहा टप्पे आहेत: उतारा निवडणे, अभ्यास, उताऱ्याची मुख्य कल्पना, तिला तीन प्रश्न लावणे, ती श्रोत्यांच्या भाषेत मांडणे, हेतू ठरवणे, तो कसा साधायचा ते ठरवणे, आराखडा, तो भरणे, आणि अगदी शेवटी सुरुवात व समारोप. मुख्य कल्पना दोन तुकड्यांची असते: उतारा कशाबद्दल बोलतो, आणि त्याबद्दल काय म्हणतो. होडीच्या गोष्टीत पहिला तुकडा असा होईल: बुडण्याच्या भीतीत शिष्यांनी काय ओळखायला हवे होते? दुसरा: ज्याला पर्वा नाही असे त्यांना वाटले, त्याच्या शब्दाला समुद्र ऐकतो. दोन्ही जोडून एक वाक्य होईपर्यंत पुढे सरकायचे नाही. तीन प्रश्न म्हणजे याचा अर्थ काय, हे खरे आहे का, आणि याने काय फरक पडतो. पुस्तकात याचे सराव दिले आहेत. ते सोडवायचा कंटाळा करणारे लोक नंतर पुस्तकाला नावे ठेवतात. दुसऱ्या जागेवर, म्हणजे सात मुद्द्यांत अडलेल्यांसाठी आमच्या मते हे सर्वांत कामाचे.

रमेश रिचर्ड हे मूळचे भारतीय, अमेरिकेत डॅलसच्या सेमिनरीत शिकवणारे. त्यांचे ‘स्क्रिप्चर स्कल्प्चर’ (1995) सात पायऱ्यांचे आहे आणि त्यात शिल्पाची व शरीराची उपमा चालते: उताऱ्याचे मांस, सांगाडा, हृदय, मग उतारा आणि प्रवचन यांना जोडणारा मेंदू, आणि त्याच क्रमाने उलटे प्रवचनाचे हृदय, सांगाडा, मांस. रॉबिन्सनचे इंग्रजी जड वाटले तर हे घ्या. उपमा लक्षात राहते आणि सातच पायऱ्या असल्याने भिंतीवर चिकटवता येते.

ब्रायन चॅपेल यांचे ‘क्राइस्ट-सेंटर्ड प्रीचिंग’ (1994) एक वेगळा प्रश्न शिकवते: मूळ श्रोत्यांत आणि आपल्यात कोणता समान माणूसपणाचा तुटका भाग आहे, ज्यासाठी हा उतारा दिला गेला? होडीत तो भाग म्हणजे ‘आपण बुडतोय आणि तुम्हाला पर्वा नाही’ ही तक्रार. नुसता ‘विश्वास ठेवा’ असा दम भरणारे प्रवचन होऊ नये, कृपा कुठे आहे ते दाखवावे, याकडे चॅपेलचा रोख आहे. पुस्तक जाड आहे. पहिले म्हणून नको, दुसरे म्हणून जरूर. जुन्या करारावर बोलताना ‘अब्राहामासारखे व्हा, दावीदासारखे व्हा’ एवढ्यावरच थांबायची सवय लागलेल्यांना ते फार उपयोगी.

युजीन लाउरी यांचे ‘द होमिलेटिकल प्लॉट’ (1980) लहान आहे आणि मांडणीच्या जागेवर अडलेल्यांसाठी आहे. प्रवचन म्हणजे मुद्द्यांची यादी नव्हे, गुंतवून सोडवायची गाठ, हा त्याचा गाभा. पाच टप्पे: श्रोत्याचा तोल ढळवणे, गुंता खोलात नेणे, उलगड्याची किल्ली देणे, शुभवर्तमानाचा अनुभव, आणि पुढचे परिणाम. इथे प्रवचनाची सुरुवात ‘वादळ शमल्यावर हे लोक जास्त का घाबरले?’ या प्रश्नाने होईल आणि उत्तर निम्मा वेळ गेल्याशिवाय मिळणार नाही. धोका एवढाच की नवखा माणूस गुंता छान करतो आणि सोडवण्याइतकी तयारी त्याच्याजवळ नसते. मुख्य वाक्य हाती नसताना ही पद्धत धरू नका.

पॉल स्कॉट विल्सन यांच्या ‘द फोर पेजेस ऑफ द सर्मन’ (1999) मधली युक्ती तर आज रात्री वापरता येईल. प्रवचनाची चार पाने: उताऱ्यातले संकट, आपल्या जगातले संकट, उताऱ्यात देव काय करतो, आपल्या जगात देव काय करतो. वीस मिनिटे असतील तर पानाला साधारण पाच. तुमचे कच्चे प्रवचन या चार पानांत वाटून पाहा. बहुतेकांचा बराचसा वेळ दुसऱ्या पानावर जातो, महागाई, मोबाइल, तरुण पिढी यांच्यावर, आणि चौथ्या पानाला शेवटची प्रार्थना तेवढी उरते.

टॉमस लाँग यांचे ‘द विटनेस ऑफ प्रीचिंग’ (1989) विचाराने समृद्ध आहे. प्रवचन काय सांगणार आणि ऐकणाऱ्यांत काय घडवणार, अशी दोन वेगळी वाक्ये ते आधी लिहायला लावते. दुसरे वाक्य लिहिताना फार जणांची तारांबळ उडते, कारण त्यांनी तो विचारच केलेला नसतो. जॉन स्टॉट यांचे ‘बिट्वीन टू वर्ल्ड्स’ (1982) शास्त्राचे जग आणि आजचे जग यांमधल्या पुलाबद्दल आहे. या पुस्तकाने दृष्टी मिळते, पण बुधवारी रात्री काय करायचे ते नेमके कळत नाही.

चार्ल्स स्पर्जन यांची विद्यार्थ्यांना दिलेली व्याख्याने (पहिला भाग 1875) आणि मार्टिन लॉइड-जोन्स यांचे ‘प्रीचिंग अँड प्रीचर्स’ (1971) ही दोन नावे तुम्हाला कुणीतरी सुचवीलच. दोन्ही आग पेटवणारी. स्पर्जनची आवाजावरची प्रकरणे चौथ्या जागेवर अडलेल्यांनी वाचावीत. पण लॉइड-जोन्स ठरावीक तंत्रांकडे संशयाने पाहतात. स्वतः मुरलेल्या माणसाला तसे पाहणे परवडते, पहिल्यांदा उभे राहणाऱ्याला नाही.

## तुमच्या मंडळीत उतारा कोण निवडतो?

वरची बरीच पुस्तके असे धरून चालतात की उतारा उपदेशक स्वतः निवडतो आणि त्याला पंचवीस-तीस मिनिटे मिळतात. तुमच्याकडे तसे नसेल तर पुस्तक निवडतानाच हे लक्षात घ्या.

कॅथलिक मिस्साबलिदानात आणि वाचनक्रम पाळणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचने ठरलेली असतात. कॅथलिक वाचनपुस्तक 1969 चे, तीन वर्षांच्या चक्राचे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणी 1992 चा सुधारित सामाईक वाचनक्रम वापरतात, तोही तीन वर्षांचाच. मत्तय, मार्क, लूक यांना एकेक वर्ष आणि योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला. इथे ‘उतारा कसा निवडावा’ हे प्रकरण निरुपयोगी ठरते आणि ‘दोन-तीन वाचने एकमेकांशी कशी बोलतात’ याचे प्रकरण हवे असते. आपली होडीची गोष्ट कॅथलिक क्रमात ‘ब’ वर्षाच्या, म्हणजे मार्कच्या वर्षाच्या, सामान्य काळातील बाराव्या रविवारी येते आणि तिच्या जोडीला ईयोबाचा अडतिसावा अध्याय असतो: समुद्राला दारे लावून ‘इथवरच ये’ असे देवाने सांगितले. ‘हा आहे तरी कोण?’ याचे उत्तर पहिल्या वाचनात आधीच वाचून झालेले असते. हे नाते दाखवायला न शिकवणारे पुस्तक वाचनक्रमवाल्यांना अपुरे पडते.

कॅथलिक वाचकांसाठी पहिले वाचन फुकट उपलब्ध आहे: पोप फ्रान्सिस यांच्या 2013 च्या ‘इव्हांजेली गाऊदियुम’ या पत्रातले परिच्छेद 135 ते 159. पहिले दहा प्रवचनाच्या स्वरूपावर, पुढचे तयारीवर. प्रवचन आटोपशीर असावे, भाषण किंवा तासिका वाटू नये, आणि त्यात एक विचार, एक भावना, एक प्रतिमा असावी, असे तिथे आहे. त्यानंतर ‘होमिलेटिक डिरेक्टरी’ ही 2014 ची मार्गदर्शिका पाहा. एक व्यावहारिक गोष्ट: कॅनन 767 (कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याचे कलम) प्रमाणे मिस्साबलिदानातील प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) यांच्यासाठीच राखीव आहे. प्रापंचिक व्यक्तीने तयारी करायची ती प्रार्थनासभा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), वाड्यातली सभा यांसाठी, आणि तिथे दहा मिनिटांच्या आत बसणारी पद्धत हवी. विल्सनची चार पाने तिथे चांगली चालतात, प्रत्येकी दोन मिनिटे.

घरसभेलाही हेच लागू. पन्नास मिनिटांच्या पुनरुज्जीवन सभेसाठी लिहिलेल्या पुस्तकातला आराखडा आठ माणसांच्या ओटीवर मांडला तर चहा थंड होतो.

## इंग्रजी पुस्तक, मराठी मंडळी

इंग्रजी पुस्तकातली शब्दसंख्या तशीच उचलू नका. तिथे वीस मिनिटांना अडीच-तीन हजार शब्द सांगितलेले आढळतील. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, शब्द लांब आणि संख्येने कमी. वीस मिनिटांना दोन हजार ते अडीच हजारांच्या पुढे गेलात तर एकतर घाई होईल नाहीतर वेळ वाढेल.

एका अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे ही इंग्रजी पुस्तकांची आवडती खोड आहे. मराठीत ती ओढूनताणून होते: भीती, भक्ती आणि तिसरा ‘भ’ शोधता शोधता उतारा हातचा जातो. उदाहरणेही तिकडची असतात, बर्फ, घराचे गहाणखत, बेसबॉल. त्यांचे भाषांतर करू नका. ते उदाहरण काय काम करत होते ते वहीत लिहा आणि त्या कामाचे आपले काही शोधा, एसटीचा फाटा, बचतगटाचा हप्ता, पाण्याच्या टँकरची वाट. सापडले नाही तर उदाहरणाशिवाय पुढे जा. व्हॉट्सअॅपवरचा किस्सा मात्र टाळाच. निम्म्या मंडळीला तो आधीच आलेला असतो आणि बऱ्याचदा खोटाही असतो.

मांडणीच्या बाबतीत मराठी श्रोत्याजवळ स्वतःचा कान आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान असते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती कीर्तने होत आली आणि नारायण वामन टिळकांनीही तो मार्ग वापरला. त्यामुळे लाउरीसारखी गाठ मारून सोडवणारी पद्धत आपल्याकडे परकी वाटत नाही, तीन मुद्द्यांची यादीच जास्त परकी आहे. सावध राहायचे ते एका गोष्टीत: आख्यान रंगले की वचन त्याच्यात बुडते. गोष्ट संपल्यावर पुन्हा उताऱ्याच्या शब्दांवर यायलाच हवे.

पुस्तक मराठी भाषांतर असेल तर विकत घेण्याआधी एक पान मोठ्याने वाचा. दोनदा अडखळलात तर मूळ इंग्रजी पुस्तकच शब्दकोश घेऊन वाचणे सोपे पडेल. आणि कोणतेही पुस्तक वापरताना उतारा आधी दोन-तीन मराठी भाषांतरांत वाचा: बायबल सोसायटीचे प्रचलित पवित्र शास्त्र, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले, 1924 साली छापलेले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. जिथे ती एकमेकांपासून वेगळी पडतात तिथेच भाष्य उघडायची गरज असते.

## पैसे खर्च करण्याआधी

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. स्पर्जन, आणि 1870 साली तयारी व सादरीकरणावर पाठ्यपुस्तक लिहिणारे जॉन ब्रॉडस, यांची पुस्तके त्यामुळे फुकट उतरवून घेता येतात. छापील प्रतीला पैसे मोजायची गरज नाही. नव्या पुस्तकांसाठी जवळच्या सेमिनरीचे ग्रंथालय आधी पाहा. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कॅथलिकांसाठी ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) आहे. बाहेरच्या वाचकाला बसून वाचता येते का, ते फोन करून विचारा. पाळकांचे शिफारसपत्र नेलेले बरे.

रॉबिन्सनची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर घ्या, गाभा तोच आहे. भाष्याच्या बाबतीत मात्र असे करू नका. शंभर वर्षांपूर्वीची फुकट भाष्ये भक्तिपर वाचनाला बरी, पण शब्द आणि इतिहास यांबाबत बरीच मागे पडलेली असतात.

## पुस्तक वापरायचे कसे

घेतलेले पुस्तक आधी पूर्ण वाचून काढू नका. तयारीच्या टप्प्यांचे प्रकरण काढा, तो क्रम एका कागदावर उतरवा आणि सलग चार प्रवचने त्याच क्रमाने करा. एकाच प्रवचनानंतर पद्धत बदलणारे पुष्कळ. पहिल्या खेपेला कोणतीही पद्धत अवघडच वाटते.

नोकरी करणाऱ्याला आठवड्यात सहा-सात तास काढता येतात. सोमवारी पाऊण तास फक्त वाचन, उतारा हाताने लिहून काढायचा. मंगळवारी तासभर प्रश्न लिहायचे आणि त्यानंतरच भाष्य, कारण भाष्य आधी उघडले की आपले प्रश्न सुचेनासे होतात. बुधवारचा पाऊण तास एका वाक्यासाठी. ते वाक्य बुधवारी झाले नाही तर गुरुवारीही तेच. मांडणी थांबेल, थांबू द्या. शुक्रवारी दीड-दोन तास लेखन, शनिवारी दोनदा मोठ्याने, घड्याळ लावून. एका मिनिटाच्या प्रवचनाला एक तास तयारी हा जुना दंडक तुम्हाला कुणी सांगेल. पूर्णवेळ पाळकाला तो जमेल, तुम्ही त्याने खचू नका.

प्रवचन झाल्यावर सोमवारी दोन माणसांना एकच प्रश्न विचारा: काल मी काय सांगितले? आवडले का, असे विचारू नका. आलेली उत्तरे बुधवारच्या वाक्याशेजारी लिहून ठेवा. चार प्रवचनांनंतर ती जुळू लागली असतील आणि अडचण मांडणीकडे किंवा बोलण्याकडे सरकलेली दिसत असेल, तर तेव्हा लाउरी किंवा स्पर्जन आणा. जुळत नसतील तर नवे पुस्तक नको, रॉबिन्सनच्या सरावांकडे परत जा.

तयार प्रवचनांचे संग्रह टाकून द्यायचे नाहीत. तुमचे प्रवचन देऊन झाल्यावर, त्याच उताऱ्यावर दुसऱ्याने काय केले ते पाहायला रविवारी संध्याकाळी ते उघडा.